काण्या जनरलची सही

दगड फोडणारे पुष्कळ असतात. घण उचलून घालत राहिलं की दगड आज ना उद्या फुटतोच. पण कपारीला कान लावावा, हातोडीने टकटक करून डोंगराची शीर कुठून कुठे गेली आहे ते ओळखावं, नेमकं तिथे भोक पाडावं, दारू ठासावी, वात सोडावी आणि डोंगराचा अख्खा खांदा उतरवून घ्यावा, हे काम लाखात एखाद्याला येतं. त्या खाणीवर ते सुरुंगवाल्याला येत होतं. जुने कामगार म्हणायचे, "हा डोंगराला चिमटा काढतो आणि डोंगर कूस बदलतो."

उंचीने बेताचा, खांद्याने रुंद. दारूचे काळे कण हातांच्या कातडीत मुरून बसलेले, जणू कुणी तीळ गोंदले आहेत. डावा कान अर्धाच. नवा माणूस विचारायचा, "दगडाने नेला का हो?" तो म्हणायचा, "नाही. माणसांनी." त्यापुढे विचारायची कुणाची छाती व्हायची नाही.

गल्लीत मात्र त्याला सगळे जनरल म्हणत. त्याला कारण होतं. त्याच्या खोलीत खाटेखाली पत्र्याची एक पेटी होती, एके काळी सुरुंगाची दारू ठेवायची, म्हणून ओल न धरणारी. त्या पेटीत मेलेल्या सेनापतींची पत्रं होती. लढाया मारलेल्या, गावं जाळलेल्या, शत्रूची आणि कधी आपलीही माणसं कापून काढलेल्या सेनापतींची खरीखुरी पत्रं, खाली त्यांच्या स्वतःच्या सह्या. सुट्टीच्या दिवशी तो नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, आधी राखेने, मग साबणाने, मग नुसत्या पाण्याने. हात वाऱ्यावर वाळवायचा, पुसायचा नाही. मग दार लोटून पेटी उघडायचा.

अंगणापलीकडच्या खोलीत त्याची वहिनी राहायची. थोरल्या भावाची बायको. ती दवाखान्यातल्या चादरी धुवायची. रोज सकाळी नळावर रक्ताच्या चादरींचा ढीग पडायचा आणि धोपटण्याचा आवाज अख्ख्या गल्लीला जागं करायचा. हात धुणाऱ्या दिराकडे न बघता ती म्हणायची, "घासा, जनरलसाहेब, घासा. माझ्या चादरी निघतात गार पाण्याने. तुमचं कशाने निघतं बघू."

तो ऐकून घ्यायचा. दर आठवड्याला मजुरीतला मोठा वाटा तिच्या खिडकीत ठेवायचा, आणि ती तो उचलायची. पण त्याला हवं होतं ते वेगळंच. तिने एकदा, नुसतं एकदा म्हणावं, की तुमचा दोष नव्हता. त्याच्या भावाला त्यानेच मारलं होतं, आणि गेली कित्येक वर्षं तो तिला एकच वाक्य सांगत आला होता: "वहिनी, मला उडव म्हणून सांगितलं होतं."

झालं होतं ते असं.

खाणीची एक रीत होती. वातीला काडी लावण्याआधी सुरुंगवाल्याने वरच्या कड्यावर उभं राहून "वात!" अशी आरोळी द्यायची. खाली टोळ्या काम करत असायच्या. एकेक टोळी आडोशाला पोचली की तिचा म्होरक्या आपल्या टोळीचं नाव ओरडायचा: "विहीरवाले!" "चढवाले!" "तळवाले!" शेवटची टोळी बोलल्याशिवाय काडी ओढायची नाही. वर ठेकेदाराने चिठ्ठीवर सही करायची, की खाण मोकळी आहे, उडवा. रीत जुनी होती आणि माणसांच्या जिवावर शिकलेली होती.

त्या दिवशी विहीरवाले बोलले. चढवाले बोलले. तळवाले बोलले नाहीत. तळवाल्यांचा म्होरक्या त्याचा भाऊ. त्याने पुन्हा आरोळी दिली. खालून फक्त वारा आला.

ठेकेदार छत्रीखाली उभा होता. पांढरे स्वच्छ कपडे, लोखंडी टोकाची काठी. म्हणाला, "वाऱ्याने आवाज खाल्ला रे. गाड्या खोळंबल्यात. उडव."

"सही?"

"मी काय पळून चाललोय? करतो नंतर. उडव म्हटलं ना!"

त्याने काडी ओढली.

तळवाल्यांची पहार कपारीत अडकली होती आणि ती सोडवायला ते थांबले होते. पहार सोडून यावं तर तिची भरपाई मजुरीतून कापली जायची. डोंगराचा खांदा उतरला तो त्यांच्यावर. धूळ बसल्यावर माणसं दगड उपसायला लागली. एकाची चप्पल पायासकट मिळाली, पाय माणसासकट मिळाला नाही. दुसऱ्याचं तोंड ओळखायला त्याच्या आईला बोलवावं लागलं, आणि तिलाही ते ओळखता आलं नाही. भाऊ सापडला तो निम्मा. उरलेल्या निम्म्यासाठी फावडं लागलं. ते फावडं सुरुंगवाल्याने स्वतः चालवलं, कारण दुसरं कुणी पुढे येईना.

मग मेलेल्यांचे भाऊबंद आले. त्यांनी त्याला चुन्याच्या भट्टीशी गाठलं. पहारींच्या बोथट बाजूंनी बडवलं, बरगड्या मोडल्या. एकाने खाली पाडून कानाला दात घातले आणि अर्धा कान थुंकून टाकला. तो प्रत्येक फटक्याला ओरडत होता, "मला सांगितलं होतं! मला सांगितलं होतं!"

कोर्टात ठेकेदार म्हणाला, "मी त्या वेळी खाणीवर नव्हतोच." चिठ्ठी कोरी निघाली. लोक हळहळले, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणाले. ठेकेदार गाडीत बसून घरी गेला आणि सुरुंगवाला तुरुंगात गेला.

तुरुंग म्हणजे पूर्वीची लष्कराची जुनी छावणी. जाड भिंती, लहान खिडक्या. कैद्यांना रद्दीच्या कागदाच्या पिशव्या करायचं काम होतं, आणि रद्दी छावणीचीच, जुन्या कचेरीतून पोत्यांनी काढलेली. बाजूला बसणाऱ्या म्हाताऱ्या कैद्याला सगळे मास्तर म्हणत. लोकांच्या खोट्या सह्या करून तो आत आला होता आणि त्याला त्याची तिळमात्र लाज नव्हती. सुरुंगवाल्याला वाचायला त्याने शिकवलं, सह्या पाहायला त्यानेच शिकवलं.

"सही सरळ धरून बघितलीस तर नाव दिसतं," मास्तर म्हणायचा. "उलटी धर. मग हात दिसतो. नावाची नक्कल कुणीही करेल. हाताची करायला माझ्यासारखा लागतो."

एके दिवशी खळ लावताना सुरुंगवाल्याच्या हाताखाली एक पिवळा कागद आला. कुण्या जुन्या सेनापतीचा हुकूम. पळून गेलेल्या शिपायांना उजाडायच्या आत परेडीच्या मैदानावर फासावर द्या. खाली ठसठशीत सही.

तो त्या सहीकडे बघतच राहिला. इतकी माणसं मारा म्हणून सांगितलं, आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं! कुणी विचारलं तर सांगा, मी म्हणालो होतो! ज्या शिपायाने दोर ओढला असेल तो त्या दिवशी घरी गेला असेल, जेवला असेल, झोपला असेल. मरण त्याचं नव्हतंच. ते त्या सहीखाली गेलं होतं, तिजोरीत ठेवल्यासारखं.

त्याने तो कागद सदऱ्याच्या आत, पोटाशी लपवला. पहारेकऱ्याला झडतीत सापडला. त्याने पट्ट्याच्या बकलाने मारून पाठ सोलून काढली, पण सुरुंगवाल्याने कागदावरची मूठ सोडली नाही. शेवटी पहारेकरी थकून म्हणाला, "ठेव बाबा. रद्दीसाठी मरतोस का?" पेटीतलं पहिलं पत्र ते.

सुटून आल्यावर कुणी काम देईना. दिलं ते ठेकेदारानेच. "झालं गेलं विसर," तो काठी आपटत म्हणाला, "तुझ्यासारखा हात मला कुठे मिळणार?" सुरुंगवाल्याने काम घेतलं. वहिनीच्या खिडकीत काहीतरी ठेवायचं होतं. शिवाय त्या माणसाच्या समोर रोज उभं राहायचं होतं.

पत्रं गोळा होत गेली. बाजारात एक रद्दीवाला होता, जाडा, दम्याचा, बोलताना मधे मधे शिट्टी वाजवल्यासारखा श्वास घेणारा. छावणीची उरलेली रद्दी त्याने वजनावर उचलली होती आणि पुढे कळायला लागल्यावर तो नगावर विकू लागला होता. या धंद्याची एक खोड आहे. सेनापतीने बुटांबद्दल, घोड्यांच्या चाऱ्याबद्दल, कुणाच्या रजेबद्दल लिहिलेलं पत्र गरिबालाही परवडतं. लढाईचं पत्र मात्र श्रीमंताच्या घरी जातं. सुरुंगवाल्याच्या पेटीत जास्त बूट आणि चाराच होता.

त्यातला बराचसा काण्या जनरलचा. हा जनरल तरुणपणी एका चकमकीत डोळा गमावून बसला होता, आणि म्हातारपणी त्याने एक भयंकर गोष्ट केली होती. एका घळीत त्याची आपली पलटण शत्रूत इतकी गुंतली, की कोण कुणाचं ते वरून कळेना. मागून शत्रूची आणखी फौज येत होती. काण्या जनरलने वरच्या तोफांना खाली मारा करायला सांगितलं. घळ भरून गेली. आपले आणि परके एकमेकांत कालवले गेले. पण लोक सांगत, की गोलंदाजांनी हात आखडले तेव्हा जनरलने घोड्यावर बसल्या बसल्या कागद मागवला आणि लिहून दिलं: खाली आपली माणसं आहेत हे मला माहीत आहे. तोफा डागा. याचं पाप माझं, गोलंदाजांचं नाही. आणि खाली सही.

तो कागद कुठेतरी आहे, असंही लोक सांगत.

सुरुंगवाल्याने ती गोष्ट ऐकल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तो कागद मिळवायचा. वहिनीसमोर ठेवायचा. म्हणायचं, हे बघा, जगाची रीत. ज्याने तोफ डागली त्याचं काही नसतं. ज्याने सांगितलं त्याचं असतं.

आणि एके दिवशी रद्दीवाल्याने निरोप धाडला.

दुकानाचं पुढचं दार लावून त्याने मागच्या खोलीत कागद उलगडला. सुरुंगवाल्याने वाचला. शब्द तेच होते. तो रद्दीच्या गठ्ठ्यावर बसला.

"काय घेशील?"

"तुझ्याकडे आहे काय दुसरं?" रद्दीवाल्याने श्वास ओढला. "पेटी दे."

"अख्खी?"

"अख्खी. फासाचं पत्रसुद्धा."

"अरे, त्याच्यासाठी पाठ सोलून घेतली मी!"

"मग त्याची किंमत तुला माहीतच आहे. मला पटवत बसू नकोस." मग त्याला दया आली असावी. "काण्याचे बूट आणि चारा ठेव तुझ्याकडे. ते घेऊन मी काय माझ्या घोड्यांना घालू?"

सुरुंगवाला पेटी डोक्यावर घेऊन आला आणि एक कागद छातीशी धरून परत गेला.

सुट्टीचा दिवस होता. दुपारचं ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. त्याने हात धुतले, वाळवले. काण्या जनरलची बुटांची, चाऱ्याची, रजेची पत्रं ओळीने मांडली आणि त्यांच्यामध्ये हा कागद ठेवला, सरदारांच्या दरबारात राजा बसवावा तसा. मग जुन्या सवयीने सगळे कागद उलटे फिरवले.

तेव्हा त्याला दिसलं. आधी वाटलं, डोळ्यांत काही गेलं.

एका डोळ्याच्या माणसाला टाकाचं टोक कागदाला नेमकं कधी टेकणार हे कळत नाही. काणा जनरल सही करायचा तेव्हा टाक आधी कागदात खुपसला जायचा, आणि मग नाव सुरू व्हायचं. प्रत्येक सहीच्या सुरुवातीला ती टोच होती. कागदाच्या मागून बोट फिरवलं की खिळ्यासारखी लागायची. बुटांच्या पत्राला होती, चाऱ्याच्या पत्राला होती, कुण्या आचाऱ्याच्या आजारपणाच्या रजेलाही होती.

घळीच्या हुकमाला नव्हती. त्याने मागून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कागद गालासारखा गुळगुळीत होता. ती सही दोन डोळ्यांच्या माणसाने केली होती, सावकाश, मान तिरकी करून, नक्कल करत. कागद आणि शाई मात्र त्याच काळची होती, म्हणजे जनरलच्या शेजारच्या कारकुनाने.

म्हणजे जनरल घोड्यावरून नुसता बोलला होता. मारा म्हणाला होता. लिहिलं कारकुनाने, सहीही त्यानेच ठोकली. आचाऱ्याच्या रजेवर जो माणूस स्वतः सही करत होता, त्याने आपल्याच पलटणीच्या मरणाला हात लावला नव्हता.

वहिनी दारात उभी होती, हातात चहाचा पेला. सुट्टीच्या दिवशी चहा देण्यापुरतं ती त्याला ओळखत होती. तिने पसरलेले कागद पाहिले, खाटेखालची रिकामी जागा पाहिली.

"पेटी कुठे गेली? काय हो जनरलसाहेब, लढाई हरलात की काय?"

"सही कारकुनाची आहे," तो म्हणाला.

"मग?"

"जनरलने केली नाही. त्यानेही तोंडीच सांगितलं."

"म्हणजे कारकुनाच्या सहीने मेले ते कमी मेले?" तिने पेला उंबऱ्यावर ठेवला. "प्या. गार होईल."

त्याने घळीचा कागद फाडला. आडवा, उभा, पुन्हा आडवा. हात थांबेनात. कागद संपल्यावर भिंतीवर मुठी मारत राहिला. गिलावा पडला, आतली वीट दिसली, बोटांची हाडं दिसली. वहिनी पलीकडून आवाज ऐकत होती. आली नाही.

दुसऱ्या दिवशी हातांना फडकी बांधून तो खाणीवर गेला. वरच्या कड्याला भोकं पाडून झाली होती, दारू ठासली होती. त्याने आरोळी दिली, "वात!"

विहीरवाले बोलले. चढवाले बोलले. तळवाले बोलले नाहीत.

ठेकेदार आता म्हातारा झाला होता. पण काठी तीच, आणि कपडेही तसेच पांढरे. तो धापा टाकत कड्यावर आला. "काय खोळंबा आहे? गाड्या उभ्या आहेत खाली."

"तळवाले बोलले नाहीत."

"तळवाल्यांना कधी बोलायची अक्कल असते? निजले असतील कुठे सावलीला. उडव."

"सही करा."

"काय?"

"चिठ्ठीवर सही करा. मग उडवतो."

ठेकेदार हसला. "अरे जनरल, म्हातारपणी कायदा शिकलास होय? करतो नंतर."

"आधी."

ठेकेदाराने काठी उचलून त्याच्या तोंडावर मारली. लोखंडी टोक गालात गेलं, आतून दात निखळला. सुरुंगवाल्याने दात तळहातावर थुंकला, पाहिला आणि फेकून दिला. मग ठेकेदाराच्या सदऱ्याचा गळा धरला आणि त्याला ओढत निघाला.

कड्याच्या उतरणीवर म्हातारा घसरत, आपटत, शिव्या देत होता. पांढरे कपडे आधी मातीचे झाले, मग गुडघ्यांपाशी लाल झाले. ठासलेल्या भोकांच्या ओळीवर सुरुंगवाल्याने त्याला मांडी मोडून बसवला. छातीवर गुडघा दिला. सगळ्यांत लांब वात घेतली आणि काडी लावली. ती फुसफुसत धावू लागली.

"लिही."

"वेडा झालास? अरे सोड! मरशील तू पण!"

"मरू. लिही. त्या दिवशी मी खाणीवर होतो. उडव असं मी सांगितलं."

ठेकेदाराने चिठ्ठीवर लिहिलं. म्हाताऱ्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि अक्षरांवर ठिबकत होतं. सही केली. सुरुंगवाल्याने ती निरखून पाहिली, सरळ आणि उलटी, जणू दुनियेत घाई कशाचीच नव्हती. मग सुऱ्याने वात कापली. जळतं टोक दगडावर पडून विझलं.

एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण सुटलेल्या ठेकेदाराने श्वास घेतला आणि तो म्हणाला, "धाकाने घेतलेली सही कोर्टात कुत्रंसुद्धा हुंगत नाही. भावाला खाल्लंस ते खाल्लंस, आता मला बुडवतोस?"

सुरुंगवाल्याने त्याची काठी उचलली आणि त्याला मारलं. पहिल्या फटक्याला खांदा गेला. दुसऱ्याला हात. जबडा गेला तेव्हा सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. काठी मोडली, मग त्याने तिच्या उरलेल्या बुडख्याने मारलं. तळवाले खालून येऊन उभे होते; पाणी प्यायला गेले होते ते, म्हणून बोलले नव्हते. विहीरवाले होते, चढवाले होते. कुणी पुढे आलं नाही, कुणी थांब म्हणालं नाही. कुणी मार असंही म्हणालं नाही. म्हातारा हलायचा थांबला, पण छाती वरखाली होत होती. तेव्हा सुरुंगवाल्याने बुडखा टाकला, चिठ्ठी उचलली आणि घरची वाट धरली.

वहिनी नळावर चादरी बडवत होती. दीर आलेला तिने पाहिला. फाटलेला गाल, रक्ताने भरलेला सदरा. त्याने चिठ्ठी तिच्या पुढ्यात धरली.

"वाचा वहिनी. त्यानेच लिहिलंय. सही आहे खाली. स्वतःच्या हाताची."

तिने हात पुसले. कागद घेतला. एकेक शब्द ओठांवर घेऊन वाचला. मग परत दिला.

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे? वहिनी, त्याने सांगितलं होतं! आता तरी पटलं ना?"

"पटायचं काय त्यात? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खाणीला माहीत आहे, गल्लीला माहीत आहे, या नळाला माहीत आहे. त्याच्याशिवाय कोण सांगणार?"

त्याने चिठ्ठी पुन्हा तिच्यापुढे धरली.

"आणि वात कुणी पेटवली?" तिने विचारलं.

"त्याने सांगितलं म्हणून..."

"कुणी पेटवली?"

"मला सांगितलं होतं, वहिनी."

तिने धोपटणं उचललं आणि त्याच्या कपाळावर घातलं. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. आता ती थांबेना. चादरीला घालावेत तसे फटके, एका लयीत, दात आवळून. खांद्यावर, कोपरावर, पुन्हा कपाळावर. "आज ना उद्या बोलेल. आज ना उद्या बोलेल. वाट बघून माझे केस पांढरे झाले." तो खाली बसला. हात वर केला नाही. नळाचं पाणी त्याच्या अंगाखालून वाहत होतं, आणि ते लाल होऊन गटारापर्यंत जात होतं. गल्लीतली दारं उघडली आणि कुणीच बाहेर आलं नाही.

थकल्यावर ती ओट्यावर टेकली. धोपटणं मांडीवर. दोघांच्याही श्वासांचा आवाज येत होता.

तेवढ्यात पोलीस आले. एक हवालदार, एक शिपाई. आले होते ते खाणीवरच्या माराबद्दल, पण अंगणातला प्रकार बघून हवालदार दारातच थबकला.

"याला कुणी फोडला हा असा?"

"मी," वहिनी म्हणाली.

"तुम्ही? का?"

"माझी गोष्ट आहे. लिहा तुम्ही, मी फोडला. सही लागेल तर करते."

किती सहज म्हणाली ती. सुरुंगवाला चिखलात बसून ऐकत होता. कपाळावरून आलेलं रक्त पापणीवर साचलं होतं आणि एका डोळ्याने त्याला धड दिसत नव्हतं. त्याला वाटलं, एवढंसं वाक्य. दोन शब्दसुद्धा लागले नाहीत.

"आणि ठेकेदाराला?" हवालदाराने त्याला विचारलं. "जबडा गेलाय त्याचा. वाचला तर नशीब. कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

"कुणाच्या नाही. मी मारलं."

शिपायाने दोरी काढली. सुरुंगवाला उठला. पण दोरीकडे हात पुढे करायच्या आधी तो वहिनीकडे वळला. तोंडात रक्त होतं, ते त्याने गिळलं.

"वात मी पेटवली," तो म्हणाला. "तळवाले बोलले नव्हते. मला ऐकू आलं होतं ते, की ते बोलले नाहीत. तरी मी पेटवली."

वहिनीने मान हलवली नाही. दोष नव्हता असं ती म्हणाली नाही, आणि तो तिने म्हणावं म्हणून थांबलाही नाही. ती उठली, ढिगातली एक धुतलेली चादर ओढली, दातांनी तिची पट्टी फाडली आणि त्याच्या कपाळाला करकचून बांधली. इतकी करकचून की तो कळवळला.

"दवाखान्याची चादर आहे हो ती," हवालदार म्हणाला.

"विचारलं तर सांगा, मी फाडली," ती म्हणाली, आणि उरलेल्या चादरी बडवायला बसली.